रुमालाखालचं बोट

“पोरीसमोर बोटाचं नाव काढू नको.”

अप्पांचा आवाज स्वयंपाकघरातून आला. मी दारात वाकून सँडल काढत होते. त्या दिवशी आमच्या हर्सूलच्या गल्लीत नळाला पाणी येणार होतं, आणि ड्रम भरणं आईला एकटीला झेपत नाही, म्हणून मी कॉलेजातून लवकर निघाले होते. मोटार चालू होती. तिच्या घरघरीत मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

“अहो, ती डॉक्टर हाय की,” आई म्हणाली.

“मेलेल्यांची.”

“म्हणून काय झालं? शिकलीय तर.”

“शिकलीय म्हणूनच. अन् न बोलणाऱ्या माणसाचा भरोसा नसतो. कुठं काय बोलंल, सांगता येत नाय.”

मी सँडल पुन्हा पायात घातली, फाटकाबाहेर गेले आणि फाटक जोरात आपटत परत आत आले. ही माझी जुनी सवय. आपल्याला काही कळलं आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. आत आले तेव्हा आई पाइप धरून उभी होती आणि अप्पा भरलेला ड्रम भिंतीकडे सरकवत होते. डाव्या हाताने. अप्पांचा कामाचा हात उजवा. मी ते पाहिलं आणि मनात ठेवून दिलं.

अप्पा वैजापूरकडचे. बैलबाजारातले दलाल. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवणं हा त्यांचा धंदा. गेल्या काही महिन्यांपासून त्यांच्या मानेतून कळ निघायची, खांद्यावरून उजव्या हातात उतरायची. झोपताना ते हात डोक्यावर घेऊन झोपायचे, तसं केल्यावरच बरं वाटायचं. हाताला मुंग्या यायच्या. शेवटी आई त्यांना घेऊन माझ्याकडे शहरात आली. माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायला लागलो. मानेचा एमआरआय झाला, सर्जन ठरले, आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं.

आणि आता एका बोटाचं नाव माझ्यासमोर काढायचं नव्हतं.

मी अ‍ॅनाटॉमीत एमडी करते आहे. म्हणजे देहदान झालेल्या शरीरांवर काम करते; माणूस आतून कसा रचलेला असतो ते शिकते आणि शिकवते. गावाकडे हे सांगताना आईला कानकोंडं व्हायला होतं. पोरगी डॉक्टर झाली, पण इंजेक्शन देत नाही, गोळ्या लिहून देत नाही, दवाखाना टाकत नाही. मी लहानपणापासून शहरात मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत गावी गेले की मुलं माझ्या मराठीला हसायची आणि शाळेत मुली माझ्या इंग्रजीला. मग मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले. डिसेक्शन हॉलमध्ये कोणी बोलायला लावत नाही. बघायचं, जपून कापायचं, पुन्हा बघायचं. ते मला जमतं.

योगायोग असा, की माझ्या प्रबंधाचा विषयच मान आहे. मानेतून हातात जाणाऱ्या नसांची मुळं. मी प्रत्येक मूळ मोकळं करते, त्याची लांबी मोजते, ते किती तिरपं जातं ते बघते, आणि त्याच्या पुढून जाणारी रक्तवाहिनी त्याच्यापासून किती जवळ आहे ते टिपते. याचा उपयोग मणक्याची ऑपरेशनं करणाऱ्यांना होतो. जिथे सुरी जाणार, तिथे काय दडलेलं आहे हे आधी माहीत असलेलं बरं.

मानेचा हिशेब गमतीचा आहे. मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. मानेत प्रत्येक नस आपल्या नंबरच्या मणक्याच्या वरून बाहेर पडते, आणि आठवी सातव्याच्या खालून. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधल्या फटीतून निघते ती सहावी नस. ती अंगठ्याकडे जाते. सहाव्या-सातव्याच्या मधून सातवी, ती मधल्या बोटाकडे. आठवी करंगळीकडे. मधली गादी सरकली की त्या फटीतलं मूळ दाबलं जातं, आणि मानेतलं दुखणं बोटाच्या टोकाशी जाऊन बोलतं. म्हणून मानेच्या सर्जनला बोटाचं नाव लागतं. बोट चुकलं तर फट चुकते. फट चुकली तर ज्या नसेला काही झालेलं नाही तिच्या दारात जाऊन माणूस कापून येतो, आणि जी दाबली गेली आहे ती तशीच दाबलेली राहते.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. त्यामुळे अप्पांचं ते वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. अप्पा कोणतं बोट लपवतायत, आणि कोणापासून?

पहिला संशय मला सर्जनचाच आला. तपासणीच्या दिवशी मी तिथे होते. बरोबर काकाही होते. काका म्हणजे अप्पांचे बाजारातले जोडीदार. सख्खे नाहीत, पण मी त्यांना काकाच म्हणते. ते मोठ्याने बोलतात, मोठ्याने हसतात आणि अप्पांना एकटं सोडत नाहीत. सर्जनने विचारलं, “मुंग्या कुठे येतात?” अप्पांनी अंगठा वर केला.

“अंगठाबहाद्दर झाला डॉक्टरसाहेब आमचा गडी!” काका म्हणाले. “शाळेत सह्या शिकला, अन् आता म्हातारपणी अंगठ्यावर आला!”

अप्पाही हसले. सर्जन हसले नाहीत. त्यांनी छोट्या हातोडीने अप्पांच्या कोपराच्या मागे टकटक केलं. डावा हात पटकन उडाला. उजवा आळसावल्यासारखा जरासा हलला. सर्जनने पुन्हा टकटक केलं. मग अप्पांना हात जोर लावून सरळ करायला सांगितला, स्वतः उलटा जोर लावला, आणि क्षणभर थांबून विचारलं, “नक्की अंगठाच?”

“अंगठाच, साहेब.”

बाहेर आल्यावर सर्जनने मला एमआरआयची फिल्म दाखवली. ते मला ओळखतात, कारण अवघड ऑपरेशनच्या आधी ते आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये येतात आणि मी मोकळी केलेली मान तासभर नुसती बघत बसतात. ते म्हणाले, “पाच-सहा आणि सहा-सात, दोन्ही गाद्या खराब आहेत. फिल्मवर खरं तर सहा-सात जास्त वाईट दिसते. पण ते अंगठा म्हणतायत, म्हणजे पाच-सहा. दोन्ही काढून मणके जोडले, तर मान उगाच ताठ होईल आणि वरच्या-खालच्या गाद्यांवर ताण येईल. जी नस ओरडते, तिचंच दार उघडायचं.”

मी “येस सर” म्हणाले. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. फिल्मवर जास्त वाईट दिसणारी गादी सोडून हे कमी वाईट असलेली का काढतायत? त्यांना घाई आहे का? मावशीने फोनवर सांगितलंच होतं, “हे सगळे एकमेकांना सामील असतात बाई, डोळे उघडे ठेव.” मी डोळे उघडे ठेवले होते. घरी येऊन त्यांच्या प्रत्येक वाक्याची उलटतपासणी केली. ते दुसऱ्यांदा का विचारत होते? त्यांना स्वतःवरच विश्वास नाही का? ज्याला खात्री नाही त्याच्या हातात अप्पांची मान द्यायची?

एवढं सगळं त्यांच्याविषयी विचार करून झालं, पण त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते.

दुसरा संशय काकांचा. ते रोज वैजापूरहून यायचे. कधी मोसंबी, कधी शेतातली मेथी, कधी नुसतेच हात हलवत. एकदा मी कॉलेजच्या गेटवर रिक्षाची वाट बघत होते, तर हे समोर हजर.

“काय मुडद्याची डॉक्टरीण, घरी निघाली का? चल, चहा पाजतो.”

टपरीवर बसून त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “तुझ्या बापाचा अंगठा लई दुखतोय म्हणं.”

“हो.”

“अंगठाच ना?”

“हो. का?”

“काय नाय. अंगठ्यानं आमच्या धंद्यात काय अडत नाय, म्हणून म्हणलं. अंगठ्यासाठी मान कापून घेणारा गडी मी पहिल्यांदाच बघतोय.” त्यांनी बशीवरून माझ्याकडे बघितलं. “श्रावणातल्या बाजारात एक सौदा उलटला त्याचा. म्हणला, समोरच्यानं बोटं फिरवली. इतक्या वर्षांत कधी असं झालं नव्हतं.”

“मला नाही माहीत काका.”

“तुला कसं माहीत असणार! तू तर मेल्यांशिवाय कुणाशी बोलत नाय,” म्हणत ते मोठ्याने हसले. पण डोळे हसत नव्हते. मला ते डोळे आवडले नाहीत. ज्या नजरेने बाजारात बैलाचे खूर बघतात, त्या नजरेने त्यांनी मला बघितलं.

रिक्षात बसल्यावर मला बाजार आठवला. लहानपणी सुट्टीत अप्पा मला एक-दोनदा घेऊन गेले होते. धूळ, शेणाचा वास, शिंगांना लावलेला रंग, आणि सगळीकडे ओरडा. अमक्याचा बैल म्हातारा, तमक्याचा मारका, याचे दात गेलेत, त्याचा पाय अधू. तोंडाने सगळे वाटेल ते बोलत होते. मग अप्पा एकाजवळ जायचे, खांद्यावरचा मोठा पांढरा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकायचे, आणि एकदम सगळं शांत व्हायचं. रुमालाखाली हात हातात. कोणी किती बोटं धरली त्यावरून भाव कळायचा. भोवती उभ्या असलेल्यांना काहीच दिसायचं नाही. अंगठा या मोजदादीत धरत नाहीत.

मला तो रुमाल फार आवडला होता. तोंड न उघडता बोलता येईल अशी जगात एक जागा होती. मी अप्पांना विचारलं होतं, “खाली कोणी फसवत नाही?”

“तोंडानं कायबी बोलावं,” अप्पा म्हणाले होते, “पण रुमालाखाली धरलेलं बोट म्हणजे इमान. तिथं खोटं बोलला तो बाजारातून उठला.”

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मी दुपारी घरी आले. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून बेल वाजवली नाही. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. अप्पा आणि आई पलंगावर समोरासमोर बसले होते. दोघांच्या मध्ये तो पांढरा रुमाल, आणि त्याच्याखाली दोघांचे हात.

मी चटकन मागे सरले. आईवडिलांना हातात हात घेऊन बसलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. कानशिलं तापली. गुपचूप बाहेर जावं म्हणून वळले, तेवढ्यात आईचा आवाज आला आणि मी पुन्हा दाराच्या फटीतून बघितलं.

“सांगा, किती?”

“दोन.”

“तीन धरलीत.”

अप्पांनी हात बाहेर काढून बोटं चोळली आणि पुन्हा रुमालाखाली घातला.

“परत,” अप्पा म्हणाले.

रुमाल जरासा हलला.

“धर की,” अप्पा म्हणाले.

“धरलंय कवाचं.”

“कुठं धरलंय?”

“अहो, मधलं धरलंय. नुसतं मधलं. चांगलं दाबलंय.”

अप्पांनी रुमालाकडे बघितलं. जणू त्यातून आरपार दिसणार होतं. मग हळूच म्हणाले, “जोरात दाब.” आणि आई रडवेल्या आवाजात म्हणाली, “अजून किती जोरात दाबू?”

मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. मधलं बोट. सातवी नस. सहा-सात. एका क्षणात सगळं जागेवर बसलं. कोपरामागचा तो आळसावलेला ठोका सातव्या नसेचा असतो. हात जोर लावून सरळ करणं, काही ढकलणं, हेही मुख्यतः तिचंच काम. म्हणून ड्रम डाव्या हाताने. कोपर, ड्रम आणि रुमाल, तीन तोंडं एकच गोष्ट सांगत होती आणि चौथं, अप्पांचं स्वतःचं, अंगठा म्हणत होतं.

संध्याकाळी अप्पांना म्हणाले, “चला, तलावापर्यंत चालून येऊ.” मी त्यांना असं कधी म्हणत नाही, त्यामुळे ते सावध झाले. वाटेतल्या हर्सूल तुरुंगाच्या भिंतीकडेने आम्ही चालत गेलो. तलावाकाठी कणसं भाजणारा बसला होता. त्याच्यापासून लांब गेल्यावर मी म्हणाले, “अप्पा, मधलं बोट आहे ना?”

ते थांबले नाहीत. “आईनं सांगितलं?”

“नाही. मी बघितलं.”

“चोरून?”

“हो.”

ते जरा हसले. “बापावर गेलीस.”

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. मधलं बोट मेलंय हे बाजारात कळलं तर संपलं. समोरचा तीन बोटं धरेल आणि यांना दोनच कळतील. मग जो तो येईल आणि म्हणेल, मी तीन धरली होती. खरं कोण, खोटं कोण, कसं ठरवणार? दलालाचं बोट गेलं की त्याचा शब्द गेला. म्हणून कोणी विचारलं तर अंगठा सांगायचा. अंगठा गेला तरी कुणाला फरक पडत नाही.

“पण डॉक्टरला का अंगठा सांगितलात?”

“तुझा काका तिथं उभा होता की. त्याला कळलं म्हंजी बाजाराला कळलं. अन् फरक काय पडतो? मान एकच हाय ना? दुखणं मानेत हाय. बोट कोणचं का असंना.”

मला त्या क्षणी समजलं की अप्पांनी खोटं बोलून स्वतःचं काही वाईट केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांच्या हिशेबात मान हा एक खुंटा होता आणि सगळी बोटं त्यालाच बांधलेली.

“खुंटा एक नाही, अप्पा,” मी म्हणाले. “प्रत्येक बोटाचं दावं वेगळ्या खुंट्याला आहे. तुम्ही अंगठ्याचा खुंटा दाखवलात. परवा ते तोच उकरतील. मधलं बोट तसंच राहील. आणि ज्या नसेला काही झालेलं नाही, तिच्या जवळ सुरी जाईल.”

त्यांना पटलं, हे मला दिसलं. माणसाला पटतं तेव्हा त्याचे खांदे उतरतात. पण लगेच पुन्हा ताठ झाले.

“डॉक्टरला सांगशील तर तो खोलीत सगळ्यांसमोर बोलंल. डॉक्टर लोक मोठ्यांदा बोलतात. काका जवळच असतो.”

“काकांना बाहेर पाठवू.”

“मग तर त्याला कळलंच. बाहेर काढलेल्या माणसाला आतलं जास्त कळतं.” ते माझ्याकडे वळले. “माझ्या गळ्याची शपथ घे. त्या बोटाचं नाव तू कुणासमोर काढायचं नाय. डॉक्टरसमोर बी नाय.”

ज्या गळ्यावर परवा सुरी फिरणार होती, त्याचीच शपथ. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. अप्पांनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला, आणि ते शपथ झाली असं धरून चालले. मला हात मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिसेक्शन हॉलमध्ये होते. समोर माझीच मोकळी केलेली मान. पाचवं मूळ आखूड आणि जवळजवळ आडवं जातं. मज्जारज्जू जराशी सरकली की तेच आधी ताणलं जातं. खालची मुळं लांब आणि तिरपी उतरतात. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये मला त्या मानेत एक बारीक धागा सापडला होता, एका मुळातून निघून शेजारच्या मुळाला मिळालेला. काही माणसांत तो असतो. सर्जनने तो बघितला तेव्हा म्हणाले होते, “लक्षात ठेव, पुस्तक म्हणजे सरासरी. माणूस सरासरी नसतो.”

तो धागा त्या दिवशी माझ्यावरच उलटला. अप्पांच्या मानेतही असा धागा असला तर? मधल्या बोटाची तक्रार सहाव्या नसेचीच असली तर? मग मी सर्जनला चुकीच्या दारात पाठवणार आणि तेही शपथ मोडून. मी कोण सांगणारी? जिवंत माणसाच्या मानेला मी कधी हातही लावला नव्हता. पण मग कोपराचा ठोका? ड्रम? मी एकटीच स्वतःशी वाद घालत राहिले, आणि दर वेळी तिथेच येऊन पोचले. मी बरोबर आहे का, हे मी ठरवायचं नव्हतं. ते ठरवणाऱ्याला सगळं कळायला हवं होतं, एवढंच.

मी सर्जनच्या केबिनपर्यंत गेले. बाहेर रांग होती. त्यांच्या माणसाने विचारलं, “काय काम होतं मॅडम?” मी म्हणाले, “काही नाही.” आणि परत आले. जिना उतरताना स्वतःचा राग आला. फोनवर मेसेज लिहिला, ‘सर, अप्पांचं बोट’, आणि पुढचा शब्द लिहिता येईना. गळ्याला लावलेला हात आठवला. मेसेज खोडला.

संध्याकाळी अप्पा भरती झाले. त्यांना हिरवा गाऊन दिला होता, मागून नाड्या बांधायचा. त्यात ते कोणीतरी वेगळेच दिसत होते. रुमाल मात्र त्यांनी सोडला नव्हता. घडी घालून उशीखाली ठेवला होता. आई देवाचा अंगारा लावून बाजूला बसली होती. काका स्टुलावर मोसंबी सोलत होते.

“हिरवा रंग खुलतो रे तुला,” ते अप्पांना म्हणाले. “बाजारात असाच ये. बैल वैरण समजून मागं लागतील.”

“तुझ्यासारखे दोन पायांचे बी लागतील,” अप्पा म्हणाले.

सर्जन आले. हातात फिल्म आणि मार्कर पेन. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, वरून खाली मणके मोजले, मग खालून वर. ते हॉलमध्येही असंच करतात. एका बाजूने मोजलेल्यावर त्यांचा भरवसा नसतो. इतके दिवस मी याला अनिश्चितपणा समजत होते. त्या क्षणी पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूसही माझ्यासारखाच आहे. याला अंगठा पटलेला नाही. कोणीतरी काहीतरी लपवतंय हे याला कळतंय, फक्त काय ते कळत नाही.

ते पलंगाजवळ आले. “शेवटचं विचारतो हं. यावर उद्याचं सगळं अवलंबून आहे. मुंग्या आणि बधिरपणा कोणत्या बोटाला?”

अप्पांनी आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. काकांचा मोसंबी सोलणारा हात थांबला.

अप्पांनी उजव्या हाताचा अंगठा वर केला.

“ठीक,” सर्जन म्हणाले. पण पेनचं टोपण काढायला त्यांनी वेळ लावला.

मी भिंतीजवळ उभी होते. नेहमीसारखी, सगळ्यांच्या मागे. मी पुढे झाले. अप्पांच्या उशीखालचा रुमाल ओढून काढला. त्यांनी माझं मनगट धरलं, उजव्या हातानेच. चार बोटांची पकड होती, आणि त्यातलं एक नुसतं टेकलेलं होतं, बळ नसलेलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी पकड सैल केली. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. मी त्यांचा हात पलंगाच्या कडेला ठेवला आणि त्यावर रुमाल पसरला.

काकांनी मोसंबी खाली ठेवली. एकदा रुमालाकडे बघितलं, एकदा अप्पांच्या तोंडाकडे. मग उठले, पाठ फिरवली आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. बाजारात दोन दलाल रुमाल टाकतात तेव्हा तिसरा तसाच उभा राहतो.

सर्जन माझ्याकडे बघत होते. माझा आवाज निघाला तेव्हा तो मलाच अनोळखी वाटला, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता.

“सर, तोंडाने विचारू नका. या रुमालाखाली हात घाला, आणि अप्पा तुमचं कोणतं बोट धरतात ते बघा.”